मातीचा बैल आणि लाल रिबीन

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. बोलताना राहून गेलेली एकदोन वाक्यं लिहून देताना घातली आहेत.)



आत्ता ओळख करून देताना मला 'वाहन सुरक्षेतल्या तज्ज्ञ' वगैरे म्हटलं गेलं. पुढच्या रांगेत सर बसलेले असताना हे ऐकायला फार अवघड जातं. माझ्या नववीच्या भौतिकच्या वहीत सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, 'आकृती सुबक, उत्तर चूक'. ती वही आईने अजून जपून ठेवली आहे, त्यामुळे नाकबूल करायची सोय नाही.

मला दहा मिनिटं दिली आहेत. जास्त झाली तर बाईंनी पूर्वीसारखा डस्टर टेबलावर आपटावा.

आज नोकरीबद्दल फार सांगणार नाही. एका दुपारबद्दल सांगायचंय. सप्टेंबर 1994, नववी ब. आपल्यापैकी निम्म्यांना ती दुपार आठवत असेल, कारण त्या दिवशी वर्गात मातीचे बैल फुटले होते आणि हेडसरांपर्यंत तक्रार गेली होती.

त्याआधीचं एक वर्ष आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून दमून झोपलेलो आपण सगळे अंगणात, रस्त्यावर धावलो. लातूर शहरात आपण वाचलो. पण किल्लारी, सास्तूर आणि त्या बाजूची गावं दगडमातीचा ढीग झाली. नंतर कित्येक रात्री आपण बाहेरच झोपलो. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली, तोपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. आपल्या वर्गात औशाकडून एसटीने येणारी तीन-चार मुलं होती, त्यांतला एकजण दिवाळीपर्यंत आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस उतरवलेले होते. कोणी काही विचारलं नाही. विचारायचं असतं हे तेव्हा कळत नव्हतं.

तर वर्षभराने सर न्यूटनचे नियम शिकवत होते. जडत्व, संवेग, बल. 'क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे का घेतो?' हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा आणि उत्तर आपल्याला पाठ होतं. सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "किल्लारीला भिंती किती जाड होत्या रे?"

कोणीतरी म्हणालं, दोन हात. आणि खरंच तेवढ्या होत्या. काळे ओबडधोबड दगड, मध्ये माती, आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. गावात ज्याची भिंत जाड तो मोठा.

"मग घर भक्कम होतं की नव्हतं?"

वर्ग गप्प. तेव्हा तो औशाकडचा मुलगा उभा राहिला. सहसा तो बोलायचा नाही. म्हणाला, "सर, आमचा वाडा पडला. गोठा कुडाचा होता, तो नाही पडला. नुसता हलला." आणि खाली बसला. त्याची आजी वाड्यात होती हे मला फार नंतर कळलं.

सरांनी त्याला शाबासकी दिली नाही, सांत्वनही केलं नाही. ते खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "पुढच्या शनिवारी प्रत्येकाने एक गाडी करून आणायची. फळीवरून सोडायची, भिंतीवर आपटायची. आतला प्रवासी वाचला पाहिजे."

मला आज कळतं की तो प्रकल्प अभ्यासक्रमात कुठेच नव्हता. सरांनी तो त्या पाच मिनिटांत, त्या खिडकीपाशी उभं राहून ठरवला. सर आत्ता मान हलवतायत, म्हणजे बरोबर असावं.

प्रवासी कोण, हा पहिला पेच. जगभरच्या शाळांत हा प्रयोग कच्चं अंडं घेऊन करतात. पण आपल्या शाळेत अंडं? डब्यात ऑम्लेट आणलं म्हणून एकाला वर्गाबाहेर बसवल्याचं आपण पाहिलेलं. मग सरांनी तोड काढली. पोळा नुकताच होऊन गेला होता. कुंभाराकडे न खपलेले मातीचे बैल पडून होते. सरांनी टोपलीभर आणले. न भाजलेले, उन्हात वाळवलेले. ठिसूळपणात ते अंड्याला हार जात नाहीत, आणि एका बाबतीत अंड्यापेक्षा सरस आहेत. अंडं फुटलं की फुटलं, एवढंच कळतं. बैलाचं शिंग मोडलं, मान गेली की पाय गेला, हे वेगवेगळं दिसतं. धक्का कुठे बसला ते बैल सांगतो. सरांनी त्याच्याही पुढे जाऊन प्रत्येक बैलाच्या शिंगांना ओला हिंगूळ लावला, म्हणजे शिंग गाडीत कुठे आपटलं त्याची लाल खूण राहील.

बारा वर्षांनी, 2006 साली, मी जर्मनीत एका प्रयोगशाळेत उभी होते आणि एक तंत्रज्ञ चाचणीच्या पुतळ्याच्या कपाळाला, नाकाला, गुडघ्यांना वेगवेगळे रंग फासत होता. मी विचारलं, का? तो म्हणाला, डोकं कुठे आपटलं त्याची खूण राहावी म्हणून. मला हसू आलं. त्याला वाटलं पुतळ्याला हसले.

आता माझी गाडी. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, शटर, ग्रील. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अण्णांनी केलेली कोठी अजून असेल. ती मोडत नाही, हीच तिची तक्रार, कारण दुसरी खपत नाही. मी अण्णांना सांगितलं, भिंतीवर आपटूनही मोडणार नाही अशी गाडी पाहिजे. अण्णा खूष. रात्री बसून त्यांनी बावीस गेजच्या पत्र्याची गाडी केली, कोपरे गॅसने जोडले, खाली बेअरिंगची चाकं बसवली, वरून हिरवा रंग मारला. उचलायला दोन हात लागत. मी ती शाळेत आणली तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. पहिला नंबर कोणाचा, हे ठरूनच गेलं होतं.

व्हरांड्याच्या टोकाला टेबलावर टेकवून फळी लावली होती. उंची तीन फूट, म्हणजे 90 सेंटिमीटर. घर्षण सोडून दिलं तर खाली पोचताना वेग सेकंदाला साधारण सव्वाचार मीटर, म्हणजे तासाला 15 किलोमीटर. सायकलचा वेग.

पुठ्ठ्याच्या गाड्या झाल्या, काडेपेट्यांच्या झाल्या, पावडरच्या डब्याच्या झाल्या. एकाने स्पंजाची केली होती, ती भिंतीपर्यंत पोचलीच नाही. मग माझी. धाडकन आवाज झाला, भिंतीचा गिलावा उडाला, गाडी उसळून चार फूट मागे आली. पोचा नाही, रंगाचा टवकासुद्धा नाही. मी धावत जाऊन उचलली. आत खुळखुळ आवाज येत होता. बैलाची दोन्ही शिंगं, मान आणि पुढचा एक पाय. समोरच्या पत्र्यावर दोन लाल ठिपके.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हणाले, "सर, गाडीला तर काहीच झालं नाही!"

सर म्हणाले, "म्हणूनच."

त्या एका शब्दावर पुढे माझं सगळं शिक्षण झालं, म्हणून जरा थांबून सांगते. सव्वाचार मीटरचा वेग शून्यावर यायलाच हवा, त्याला सुटका नाही. प्रश्न एवढाच की तो किती अंतरात येतो. पत्र्याची गाडी दबली नाही, समजा फक्त दोन मिलिमीटरमध्ये थांबली. हिशेब केला तर पाव किलोचा बैल त्या क्षणी शंभर किलोहून जड झाला. आणि गाडी उसळून मागे आली, म्हणजे वेग नुसता शून्य झाला नाही, उलटाही झाला. धक्का आणखी मोठा. तीच गाडी पाच सेंटिमीटर दबत थांबली असती, तर बैलाचा भार साडेचार किलो. अंतर पंचवीस पट, तर मार पंचवीस पट कमी. झेल घेणारा हात मागे जातो तो एवढ्यासाठी. पाठ होतं आपल्याला, पण कळलं नव्हतं.

शेवटी तो औशाकडचा. त्याने पिशवीतून जे काढलं ते बघून वर्ग हसला. ज्वारीच्या धाटाची गाडी. लहानपणी आपण सगळ्यांनीच केलेली असते तशी, भेंडाचे तुकडे, सालीच्या कामट्यांनी टोचून जोडलेले, चपलेची चाकं. फक्त पुढे त्याने भेंडाच्या कांड्यांची एक मोळी बांधली होती, वीतभर लांब, नाकासारखी. कडब्याच्या गंजीतून काढलेली. एवढी कुरूप गाडी मी पुन्हा पाहिली नाही.

गाडी सोडली. आवाजच आला नाही, नुसतं करकर झालं. नाक निम्मं चेपलं, गाडी तिथेच बसली, उसळली नाही. आणि बैल समोरून उडून व्हरांड्यात आपटला. चक्काचूर.

सगळे ओरडले, "गेला!" सर मात्र गुडघ्यावर बसून ते चेपलेलं नाक बघत होते. म्हणाले, "गाडी बरोबर थांबली. बैलाला कोणी सांगितलंच नाही थांबायला." मग त्याला म्हणाले, "बांध त्याला. अजून एक बैल देतो."

त्याने दुसरी मोळी बांधली, नवा बैल बसवला आणि सुतळीने आवळला. पुन्हा सोडली. या वेळी बैल गाडीतच राहिला, पण सुतळीने त्याची मान कापली गेली. पातळ सुतळी, सगळा भार एका रेघेवर. मग त्याने वर्गाकडे बघितलं, काहीतरी रुंद शोधत. माझ्या दोन वेण्यांना शाळेच्या लाल रिबिनी होत्या. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि फक्त म्हणाला, "एक देतीस का?"

मी दिली. त्यावरून पुढचं सहामाहीभर आम्हाला जे चिडवलं गेलं, त्याची नावं मी इथे घेणार नाही. ती मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत आणि त्यांना आता सुना आल्यात.

रिबीन त्याने बैलाच्या मानेवरून नेली नाही. एका खांद्यावरून तिरकी छातीवर आणली, मग पोटाखालून. तिसऱ्यांदा गाडी सोडली. करकर, आणि शांतता. गाडीचा पुढचा भाग संपला होता, एक चाक निखळलं होतं, एक कामटी बाहेर आली होती. बैल जागेवर बसलेला. सरांनी रिबीन सोडून त्याला तळहातावर घेतलं आणि सगळ्यांना फिरून दाखवलं. शिंगंसुद्धा शाबूत. त्या दिवसापासून त्या मुलाचं नाव 'धाट्या' पडलं, ते आजपर्यंत.

तक्रार कशाची गेली ते राहिलंच. बैलांची. पूजेच्या वस्तू फोडल्या म्हणून. सरांनी हेडसरांना सांगितलं की हे पुजलेले नव्हते, विक्रीतून उरलेले होते. ते पटलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या वर्षी प्रयोग झाला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे मी नांदेडला गुरू गोविंदसिंगजी कॉलेजात प्रॉडक्शनला गेले, तिथून पुण्याला नोकरी. धाटाच्या नाकाला 'क्रंपल झोन' म्हणतात हे तिथे कळलं. बेला बारेनी नावाच्या मर्सिडीजच्या अभियंत्याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याचं पेटंट घेतलं होतं: मधला माणसांचा पिंजरा कडक, पुढचं-मागचं अंग चेपणारं. त्याआधी जगभरचे कारखानदार आमच्या अण्णांसारखा विचार करायचे. आणि तिरक्या रिबिनीचा शोध 1959 मध्ये व्हॉल्वोच्या नील्स बोलिन यांनी लावला. व्हॉल्वोने ते पेटंट सगळ्या कंपन्यांना खुलं केलं. एक पट्टा खांद्यावरून, एक कमरेवरून, म्हणजे भार बरगड्यांवर आणि कटीच्या हाडांवर, पोटावर नाही. धाट्याने हे कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. बैलाला कासरा कुठे घालायचा हे त्याला माहीत होतं.

जर्मनीतल्या त्या प्रयोगशाळेत गाडी ज्या अडथळ्यावर आपटतात त्याचं तोंड अॅल्युमिनियमच्या जाळीचं असतं, मधाच्या पोळ्यासारखं, दाबलं की चेपणारं. मी बोटाने दाबून पाहिलं. अगदी भेंड.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. जानेवारी 2014 मध्ये भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची परदेशी संस्थेने चाचणी केली तेव्हा पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. खूप आरडाओरडा झाला. 2017 पासून नव्या मॉडेलना समोरून आणि बाजूने धडक देऊन पाहणं सक्तीचं झालं, 2019 पासून चालकाची एअरबॅग, आणि ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची तारे देणारी भारत एनकॅप सुरू झाली. 2018 च्या डिसेंबरात पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी निघाली ती आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावहून. आणि आपल्या लातुरात, हरंगुळला, रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आला. आपण दहावीला होतो तेव्हा इथे मिरजेची छोटी गाडी धावायची! नव्या पद्धतीचे डबे अपघातात एकमेकांवर चढू नयेत अशा जोडणीचे असतात. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण मी इथे ते सांगायला उभी राहिलेली नाही.

जून 2014 मध्ये गोपीनाथराव मुंडे दिल्लीत गेले. ते मागच्या सीटवर होते. बेल्ट लावला असता तर वाचले असते, असं तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं. मराठवाडा रडला, अण्णाही रडले. मी त्या आठवड्यात पुण्यात आमच्या ऑफिसात मागच्या बेल्टवर भाषण दिलं. आकडे, फिती, आलेख. तासाला 56 किलोमीटर वेगाने गाडी आदळली आणि बेल्टमुळे माणूस साठ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर साठ किलोच्या माणसावर साधारण सव्वा टनाचा भार येतो; शरीर तो सोसू शकतं. बेल्ट नसेल तर माणूस गाडी थांबल्यावरही त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या वस्तूवर दहा सेंटिमीटरमध्ये थांबतो. मग तोच भार सात टनांवर जातो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठ महिन्यांनी, फेब्रुवारी 2015, नांदेडहून लग्न उरकून आम्ही लातूरला परत येत होतो. रात्रीचे साडेदहा. चुलतभाऊ चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे अण्णा आणि काका, मध्ये आहेराच्या पिशव्या. गाडी मीच निवडून घेतलेली, एअरबॅगवाली. निघताना मी मागे वळून म्हणाले, "अण्णा, बेल्ट..." काका हसून म्हणाले, "पोरी, इथं कुठं पोलिस आहेत?" अण्णांनी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "गाडी दणकट हाय की."

आणि मी पुढे वळून बसले.

हे वाक्य मी आजवर आईसमोरही बोललेले नाही. माझा व्यवसाय हाच, माझं भाषण त्यावरच, आणि वडीलधाऱ्यांना, लग्नाच्या कपड्यात, काकांसमोर, दुसऱ्यांदा सांगायचा मला संकोच वाटला. लेकीने बापाला बेल्ट लाव म्हणायचं म्हणजे त्याला कमी लेखल्यासारखं.

अहमदपूरच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती. पंक्चर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड लावून ट्रॅक्टरवाला चाक आणायला गेलेला. भावाने शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे घेतली, तरी माझी बाजू ट्रॉलीच्या चाकावर गेली. पुढचं अंग चेपलं, जसं चेपायला हवं तसं. आतला पिंजरा सरळ राहिला. चारही दरवाजे हाताने उघडले. गाडीने तिचं काम चोख केलं. भावाला खरचटलं, काकांचा पाय मोडला, माझ्या दोन बरगड्या.

माझ्या सीटची पाठ पुढे वाकली होती. ती कशाने वाकली हे मला तिथे अंधारात बसल्याबसल्या कळलं. अण्णा माझ्या मागे बसले होते.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

(पाणी द्या जरा कोणीतरी.)

दहाव्याला धाट्या आला होता. घाटावर एका बाजूला उभा राहिला, काही बोलला नाही. जाताना माझ्या आईच्या पाया पडला आणि गेला. मी त्याला ओळखलंही उशिराच. वीस वर्षांनी बघत होते. मला वाटलं, आला, बरं वाटलं, संपलं.

2019 मध्ये आपल्या वर्गातल्या एकीने मला फोनवर सहज सांगितलं, "अगं, तुला माहितीय का, धाट्या दर गाळप हंगामात काय करतो?" मला माहीत नव्हतं. 2015 च्या हंगामापासून तो स्वतःचा ऊस घालायला जातो तेव्हा कारखान्याच्या गव्हाणीबाहेर उभ्या असलेल्या ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या चिकटवतो. स्वतःच्या खिशातून. सुरुवातीला ट्रॅक्टरवाले हाकलून द्यायचे, कुठल्या पक्षाचा म्हणून विचारायचे. आता ऊसतोड टोळीतली पोरं त्याला बघून ट्रॉली पुसून ठेवतात, कारण चिखलावर पट्टी चिकटत नाही.

मी त्याला फोन केला. काय बोलावं सुचेना, तर विचारलं, "किती पट्ट्या लावल्यास रे आतापर्यंत?" तो म्हणाला, "मोजल्या नाहीत. तू रिबीन दिलतीस की." आणि लगेच विषय बदलून सोयाबीनच्या भावावर गेला.

धाट्या, तू मागे खांबाआड उभा आहेस, मला दिसतोय. पुढे येऊ नकोस, माहीत आहे येणार नाहीस.

तर आता मागणं. या मेळाव्यातून जमलेल्या पैशांतून काय करायचं यावर व्हॉट्सअॅपवर दोन महिने भांडण चाललंय. कमान, पाण्याची टाकी, डिजिटल फळा. टाकी करा, ती लागतेच. कमानीबद्दल मी गप्प बसते. माझी मागणी त्यापुढे लहान आहे. आपल्या 31 जणांपैकी 14 जणांच्या घरी ट्रॅक्टर आहे, मी यादी काढलीय. प्रत्येकाने आपल्या ट्रॉलीच्या मागे पट्टी लावायची आणि येत्या हंगामात एक रविवार धाट्याबरोबर गव्हाणीबाहेर उभं राहायचं. पट्ट्यांचा खर्च माझ्याकडे. आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांनी आज घरी जाताना गाडीत मागे कोण बसलंय ते बघायचं. आई बसली असेल तर तिला संकोच न करता दोनदा सांगायचं. मागच्या बेल्टचा नियम आहे, हजार रुपये दंडही आहे, पण दंडाची भीती घालू नका. आयांना दंडाचं काही वाटत नाही. सांगा की तू पुढे आदळलीस तर मला लागेल. ते त्या ऐकतात, आणि ते खरंही आहे.

आणि दुसरं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, लेखी, मी मागून घेतली. उद्या सकाळी दहा वाजता नववी ब च्या मुलांचा तोच प्रयोग आहे, त्याच व्हरांड्यात. भिंत तीच आहे, माझ्या गाडीने उडवलेला गिलावा कोणीतरी भरून काढलाय, पण खूण कळते. मुलांना आठवड्यापूर्वी सांगितलं आहे. कोणी थर्मोकोल आणणार आहे, कोणी थ्री-डी प्रिंटरवर छापून आणणार आहे म्हणे. कडबा धाट्याने आणून ठेवलाय, पाहिजे त्याने घ्यावा. पहिली गाडी सर सोडणार आहेत. मुक्कामाला आहात त्यांनी जरूर या. गाडी करून आणलीत तर मोठ्यांनाही खेळू देतील, मी मुलांना विचारलंय.

बैल चाळीस आणले आहेत, कच्चे. कुंभाराने विचारलं, पोळा तर कधीच झाला, आता कशाला? पुण्याहून मागच्या सीटवर खोकी ठेवून, बेल्ट लावून आणले. वाटेत एकही फुटला नाही. इथे शाळेत खोकं उतरवताना माझ्या हातून एक पडला, म्हणजे आता एकोणचाळीस आहेत.